डेक्कन क्वीनचा खरा रंग कोणता?

१ जून २०३० रोजी डेक्कन क्वीनला शंभर वर्षे पूर्ण होतील. दरवर्षी १ जूनला पुणे स्टेशनवर या गाडीचा वाढदिवस साजरा होतो. केक कापला जातो, हार घातले जातात, फोटो निघतात. शंभराव्या वाढदिवसाला काय करायचे याची चर्चा रेल्वेप्रेमींमध्ये आतापासूनच सुरू आहे आणि त्यात एक मागणी वारंवार येते: गाडीला तिचा जुना रंग परत द्या.

जुना म्हणजे कोणता, असे विचारले की उत्तरे फाटे फोडतात. साठी ओलांडलेल्या पासधारकाचा जुना रंग वेगळा, नव्वदच्या दशकात कॉलेजला असलेल्याचा वेगळा. आज शाळेत असलेल्या मुलाने तर हिरव्या-लाल डब्यांची गाडीच पाहिली आहे. उद्या त्याच्यासाठी तोच ‘जुना रंग’ असेल.

हा नुसता आठवणींचा वाद असता तर त्यावर इतके लिहिण्याचे कारण नव्हते. पण गाडीच्या रंगामागे एक व्यवहार असतो. कोणत्या गाडीला स्वतःचा रंग मिळतो, कोणत्या गाडीचा काढून घेतला जातो आणि का, हे पाहिले की भारतीय रेल्वे सध्या कोणत्या दिशेने चालली आहे ते बरेचसे कळते.

चांदीसारखी एक, निळी एक

सुरुवात १९३० पासून करू. तेव्हाच्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने, म्हणजे जीआयपीने, मुंबई-पुणे मार्गावर ही गाडी सुरू केली तेव्हा तिच्यासाठी सात-सात डब्यांचे दोन संच बांधले. एका संचाला चंदेरी रंग होता आणि त्यावर किरमिजी पट्ट्या. दुसरा संच गडद शाही निळा, त्यावर सोनेरी रेघा. डब्यांचे खालचे सांगाडे इंग्लंडहून आले, वरची शरीरे मात्र जीआयपीच्या माटुंगा कारखान्यात तयार झाली. गाडीत फक्त पहिला आणि दुसरा वर्ग होता. तिसऱ्या वर्गाच्या प्रवाशाला या गाडीचे दार उघडायला १९५५ साल उजाडावे लागले.

रेल्वेच्या डब्याला चांदीसारखा रंग देणे ही त्या काळात धाडसाचीच गोष्ट. वाफेच्या इंजिनाचा धूर, काजळी आणि ठिणग्या मागच्या डब्यांवर बसत. म्हणून जगभर डब्यांना गडद रंग किंवा लाकडावर वॉर्निश चालायचे, मळले तरी दिसू नये असे. मग जीआपीला हे धाडस का करता आले? माझ्या मते उत्तर डोक्यावरच्या तारेत आहे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हीटी ते कुर्ला या मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. त्या दशकाच्या अखेरीस विजेच्या तारा घाट चढून पुण्यापर्यंत पोचल्या होत्या. डेक्कन क्वीन ही त्या तारांखाली जन्मलेली गाडी. तिच्या पुढे विजेचे इंजिन होते, धूर नव्हता. चंदेरी डबा पुण्यात पोचल्यावरही चंदेरीच राहतो, हीच मोठी जाहिरात होती. प्रवासी उतरताना त्याच्या कपड्यांवर कोळशाचे कण नसत आणि गाडीचा रंग ते आधीच सांगून टाकत असे.

त्या काळच्या ईए-१ वर्गातले ‘सर रॉजर लम्ले’ नावाचे विजेचे इंजिन आज दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. सात डब्यांचे ते दोन मूळ संच मात्र १९६६ मध्ये बदलले गेले. चेन्नईजवळच्या पेरांबूर इथल्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचे, म्हणजे आयसीएफचे, पोलादी डबे आले. अपघातात डबे एकमेकांत घुसू नयेत अशी त्यांची बांधणी होती. पुढच्या अर्धशतकात पुणेकरांच्या डोळ्यांत बसली ती निळी-पांढरी डेक्कन क्वीन. आज ‘मूळ रंग’ म्हणून बरेच जण ज्याच्यासाठी हळहळतात तो हाच रंग, आणि तो मूळ नव्हे.

२२ जून २०२२ पासून गाडी एलएचबी डब्यांवर गेली. मूळ जर्मन तंत्राचे हे डबे वजनाला हलके, वेगाला स्थिर आणि अपघातात जास्त सुरक्षित असतात. त्यांच्यासाठी नवी रंगसंगती ठरली: हिरवा आणि लाल, जोडीला पिवळी रेघ. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची तिच्या रचनेत मदत घेतली गेली. हा रंग आवडणारे आहेत, नावडणारे त्याहून मोठ्या आवाजात बोलणारे आहेत. पण १९३० च्या दोन्ही संचांशी त्याचे नाते नाही आणि निळ्या-पांढऱ्याशीही नाही, हे दोन्ही बाजूंना मान्य करावे लागेल.

रंग ही रेल्वेची भाषा

गाडीचा रंग शोभेसाठी असतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. रेल्वेने रंग बराच काळ सूचना म्हणून वापरला. नव्वदच्या दशकापर्यंत देशभर दिसणारे मरून डबे आठवा. पुढे तेच डबे निळे झाले, तेव्हा अनेकांना वाटले की कुणाला तरी निळा आवडला असेल. कारण ब्रेक हे होते. मरून डबे साधारणपणे व्हॅक्यूम ब्रेकचे आणि निळे एअर ब्रेकचे. दोन वेगळ्या ब्रेकचे डबे एकाच गाडीत जोडून चालत नाही. यार्डात डबे जोडणाऱ्या माणसाला कागद न बघता, लांबूनच फरक कळायला हवा होता. जुने ब्रेक गेले, निळा तेवढा उरला.

मुंबईच्या लोकलमध्ये पहिल्या वर्गाच्या डब्यावरचे तिरके पट्टे हाही असाच प्रकार. गाडी फलाटात शिरत असताना दोन-तीन सेकंदांत कुठे धावायचे ते पट्ट्यांवरून ठरते. एसटीचे उदाहरण तर घरचेच. लाल गाडी म्हणजे साधी, शिवनेरी म्हणजे वातानुकूलित; पाटी वाचण्याआधी खिशाला किती चाट बसणार ते रंग सांगतो.

इंजिनांची गोष्ट याहून मजेची होती. डिझेलच्या काळात प्रत्येक शेड आपल्या इंजिनांना आपल्या पद्धतीने रंगवायची. रुळांच्या कडेला उभा असलेला जाणकार इंजिनावरचे नाव दिसण्याआधीच ते कोणत्या शेडचे हे सांगू शकत असे. आज मेल-एक्सप्रेस ओढणारे डब्ल्यूएपी-७ घ्या. कुठल्याही शेडचे असो, बहुतेक वेळा पांढरे आणि त्यावर लाल पट्टा. एखादी शेड अधूनमधून हौस करते, पण नियम एकसारखेपणाचा आहे.

मंत्री बदलतो, रंग बदलतो

दोन हजारनंतर रंगाला आणखी एक काम लागले, ते म्हणजे योजना ओळखू येणे. लालूप्रसाद यादव यांच्या काळात २००६ मध्ये गरीब रथ आला, हिरवा-पिवळा. ममता बॅनर्जी यांच्या काळात २००९ मध्ये दुरांतो आली, पिवळ्या-हिरव्या चित्रांची. ती कल्पना ममतांच्या स्वतःच्या चित्रकलेवरून घेतल्याचे तेव्हा सांगितले गेले. आपल्या कोकणातले सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना हमसफर आणि तेजस आल्या. पहिली तेजस मे २०१७ मध्ये मुंबई ते करमळी अशी गोव्याला धावली. तिचे डबे रंगवलेले नव्हते, त्यांच्यावर पिवळ्या-नारंगी छटांचे व्हिनाइल चिकटवलेले होते. २०१८ मध्ये जुन्या डब्यांना सुधारून फिकट आणि मरून रंग देणारी ‘उत्कृष्ट’ योजना आली. या प्रत्येक रंगाची जाहिरात झाली आणि पुढच्या रंगाने त्याची जागा घेतली.

वंदे भारत सुरुवातीला पांढरी-निळी होती. जुलै २०२३ मध्ये चेन्नईत नव्या नारंगी-करड्या रंगाची ओळख करून देताना रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी तो तिरंग्यावरून सुचल्याचे सांगितले. पहिली नारंगी गाडी सप्टेंबरात केरळमध्ये धावू लागली. रंगामागे राजकारण असल्याची टीका झाली, तेव्हा निवड शास्त्रीय कारणाने केली, पिवळा आणि नारंगी हे डोळ्यांना सर्वांत ठळक दिसणारे रंग आहेत, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. एकाच रंगाची दोन कारणे ऐकायला मिळाली. रुळांवर काम करणाऱ्या ट्रॅकमनला येणारी गाडी लांबून दिसणे हा मुद्दा क्षुल्लक नाही, आणि पांढऱ्या डब्यावर धूळ किती दिसते हे गाडी धुणारा कोणीही सांगेल. तरी रंग राजकारणातून पूर्ण सुटलेला आहे, असे म्हणायलाही जीभ रेटत नाही.

मुद्दा डब्यांच्या मालकीचा

आता डेक्कन क्वीनच्या गाभ्याशी येऊ. एखाद्या गाडीला स्वतःचा रंग कधी देता येतो? तिचे डबे तिचे स्वतःचे असतील तेव्हाच.

डेक्कन क्वीन सकाळी ७.१५ ला पुण्याहून निघते, १०.२५ ला मुंबईला पोचते. संध्याकाळी ५.१० ला मुंबई सोडते आणि ८.२५ च्या सुमारास पुण्यात येते. मधले पावणेसात तास गाडी मुंबईत उभी असते. दिवसभरात तिचे धावणे १९२ किलोमीटर जाऊन १९२ किलोमीटर येणे, म्हणजे चारशेच्या आतच. रेल्वेच्या नियोजनात बसलेल्या अधिकाऱ्याला हे आकडे टोचतात. एका डब्याची किंमत कोटींमध्ये असते आणि तो उभा राहिला की कमाई शून्य. म्हणून अलीकडे ‘रेक शेअरिंग’चा आग्रह असतो, म्हणजे एकाच संचाकडून दोन-तीन गाड्यांचे काम करून घेणे. याच मार्गावरच्या इंद्रायणी एक्सप्रेसचे डबे पुण्याला आल्यावर सोलापूर इंटरसिटी म्हणून पुढे जातात आणि परत येऊन पुन्हा इंद्रायणी होतात. प्रवाशांसाठी यात तोटा नाही. त्याच डब्यांत सोलापूरकरांना एक गाडी जास्त मिळाली.

मात्र जे डबे सकाळी एका नावाने आणि दुपारी दुसऱ्या नावाने धावतात, त्यांना रंग कोणत्या गाडीचा द्यायचा? कोणाचाच नाही. मग सर्वांना एकच, लाल-करडा किंवा तत्सम. दुरांतोची चित्रे पुसट होत गेली त्यालाही एकसारख्या एलएचबी डब्यांची आणि वाटून वापरण्याची पद्धत बऱ्याच अंशी कारणीभूत आहे. डबा कुठल्याही गाडीला जोडता यावा असे एकदा ठरले की चित्रे अडचणीची होतात.

डेक्कन क्वीन अजून यातून वाचली आहे, कारण तिच्यात डायनिंग कार आहे. टेबलाशी बसून ऑम्लेट किंवा चीज टोस्ट मागवता येईल अशा डब्याची सोलापूर इंटरसिटीला गरज नाही. ऑगस्ट २०२१ पासून तिला काचेच्या छताचा व्हिस्टाडोमही जोडला जातो. हे दोन डबे गाडीत आहेत तोवर पूर्ण संच दुसऱ्या कामाला लावणे सोयीचे नाही, आणि संच तिचा आहे तोवर तिला रंग आहे. म्हणून ज्यांना डेक्कन क्वीनच्या रंगाची काळजी आहे त्यांनी आधी डायनिंग कारची काळजी करावी. ती उद्या तोट्याच्या नावाखाली काढली, तर गाडीला चंदेरी रंग द्या म्हणून कितीही निवेदने दिली तरी उपयोग होणार नाही. ते डबे नेमके कोणत्या गाडीचे हे सांगताच येणार नाही.

धायरीहून निघणाऱ्याला काय त्याचे?

हा प्रश्न रास्त आहे. धायरीला रेल्वे नाही. इथून डेक्कन क्वीन पकडायची तर सहाच्या आत घर सोडायचे, सिंहगड रस्ता जागा होण्याआधी स्वारगेट ओलांडायचे आणि स्टेशन गाठायचे. परतीला साडेआठला उतरून पुन्हा तोच रस्ता, या वेळी जागा झालेला. अशा माणसाला गाडी वेळेवर यावी, बसायला जागा मिळावी, संडास स्वच्छ असावा, घाटात रखडू नये, एवढेच हवे असते. त्याला बाहेरच्या रंगाबद्दल विचारले तर तो हसेल, आणि त्यात त्याचे चूक नाही.

पण खर्चाचा मुद्दा निघाला की त्याच धायरीतला दुसरा माणूस बोलू शकेल. धायरी-नऱ्हे पट्ट्यात फॅब्रिकेशनचे, पावडर कोटिंगचे, पेंटिंगचे कितीतरी लहान कारखाने आहेत. तिथे काम करणाऱ्याला विचारा, रंगकामात पैसा कशात जातो. तो सांगेल, रंगाच्या छटेत नाही. जुना थर खरवडणे, गंज काढणे, लांबी भरणे, घासणे, प्रायमर मारणे आणि ते वाळेपर्यंत जागा अडकून पडणे यात जातो. निळा मारा की हिरवा मारा, डब्यामागे फरक किरकोळ. महाग पडतात त्या बारीक रेघा: प्रत्येक रेघेसाठी मास्किंग टेप लावायची, पुन्हा फवारायचे, पुन्हा वाळवायचे. १९३० च्या निळ्या संचावरच्या सोनेरी रेघा देखण्या होत्या, आणि त्यासाठी माटुंग्यात कुशल हात लागले असणार.

शिवाय डब्याला ठरावीक काळाने कारखान्यात जावेच लागते. एलएचबी डब्यांची चाके, ब्रेक, स्प्रिंगा उघडून तपासल्या जातात, आणि मोठ्या दुरुस्तीत रंगही नव्याने दिला जातो. म्हणजे रंग बदलण्यासाठी वेगळा खर्च उभा करण्याची गरज नाही; दुरुस्तीच्या फेरीत तो बसवता येतो. आणखी एक फरक आहे. जुने आयसीएफ डबे साध्या पोलादाचे, त्यांना रंग हे गंजापासूनचे कवच होते. त्या पद्धतीच्या डब्यांचे उत्पादन पेरांबूरला जानेवारी २०१८ मध्ये थांबले. एलएचबीचे शरीर मुख्यतः स्टेनलेस स्टीलचे असते, त्याला कवचाची तितकी गरज नसते. आता रंगाचे काम प्रामुख्याने ओळखीचे उरले आहे. त्यातूनच व्हिनाइलचा धोकाही येतो. सहज चिकटवता येते म्हणून सहज जाहिरातही चिकटवता येते. तिकिटाबाहेरच्या उत्पन्नासाठी गाड्यांच्या अंगावर जाहिराती घेण्याचे धोरण रेल्वेने २०१७ पासून आखलेले आहे आणि मुंबईच्या लोकलवर साबणापासून विम्यापर्यंत सगळे फिरताना आपण पाहतोच. शताब्दीच्या गाडीवर प्रायोजकाचे चिन्ह खिडकीएवढे आले तर आश्चर्य वाटू नये.

बाहेर काय केले गेले

अमेरिकेत हा पेच एका साध्या युक्तीने सोडवला गेला. तिथल्या मोठ्या रेल्वे कंपन्या अनेक लहान कंपन्या गिळून तयार झाल्या. २०१२ मध्ये नॉरफोक सदर्न या कंपनीने आपल्या तिसाव्या वर्षानिमित्त वीस नवी इंजिने त्या विलीन झालेल्या कंपन्यांच्या जुन्या रंगांत रंगवली. ती संग्रहालयात ठेवली नाहीत, मालगाड्या ओढायला पाठवली. त्याआधी युनियन पॅसिफिकने २००५ पासून सहा इंजिनांबाबत हेच केले होते. अॅमट्रॅकने २०११ मध्ये चाळिसाव्या वर्षी स्वतःच्याच आधीच्या रंगसंगती इंजिनांवर परत आणल्या. हजारो इंजिनांत दहा-वीस इंजिने, त्यामुळे रोजच्या कामात खोळंबा नाही. कोणत्या गावातून आज कोणत्या रंगाचे इंजिन जाणार याचा माग काढत लोक रुळांच्या कडेला उभे राहू लागले.

यातले शिकण्यासारखे तंत्र असे की वारसा इंजिनावर ठेवला तर डब्यांच्या वाटणीशी त्याचा संबंध उरत नाही. इंजिन एकटे असते. कल्याण किंवा पुण्याच्या शेडमधले एक इंजिन १९३० च्या शाही निळ्यात आणि सोनेरी रेघांत रंगवले आणि ते डेक्कन क्वीनला जोडण्याचा प्रघात ठेवला, तर डब्यांचा रंग हिरवा-लाल राहो की उद्या आणखी काही होवो, गाडीच्या तोंडावर तिचा पहिला रंग राहील. दुसरे इंजिन चंदेरी करता येईल. १९३० मध्ये तरी एकच रंग कुठे होता?

याला एक आक्षेप आहे आणि तो गंभीर आहे. डेक्कन क्वीनचे वेगळेपण तिच्या डब्यांत होते. १९३० चे दोन्ही रंग डब्यांचे होते. ते इंजिनावर चढवणे म्हणजे इतिहासाची भरपाई झाली, जतन नव्हे. मला हा आक्षेप पटतो. तरी एकसारख्या डब्यांच्या काळात भरपाईसुद्धा बरी, असे वाटते.

डबे बदलायचेच असतील तर वेळापत्रक असे बसते: सध्याचा संच २०२२ चा. २०३० पर्यंत तो अनेकदा दुरुस्तीसाठी कारखान्यात जाईल, आणि त्यातली शताब्दीच्या लगेच आधीची मोठी फेरी रंगासाठी योग्य. मध्य रेल्वेचा माटुंगा कारखाना, जिथे पहिल्या चौदा डब्यांची शरीरे घडली, तो आजही डब्यांची देखभाल करतो. रंगाचा निर्णय त्या फेरीच्या किमान वर्षभर आधी व्हायला हवा, कारण छटा ठरवणे, नमुना डबा रंगवून उन्हापावसात तपासणे आणि मंजुरी यात तेवढा काळ सहज जातो. चंदेरी की निळा, हे तेव्हा ठरवता येईल. डायनिंग कार राहणार का, हे त्याआधी विचारून घ्यावे लागेल.